जिप्समच्या समीकरणाची उजवी बाजू

बारामती-इंदापूरच्या पाटपाण्याखालच्या शेतकऱ्याला बिघडलेल्या जमिनीचे दोन प्रकार नीट ओळखता येतात. खारवट जमिनीवर उन्हाळ्यात पांढरा थर फुटतो. चोपण जमीन मात्र ओली असताना चिकट, वाळली की टणक, आणि तिच्यावरचं पाणी मुरता मुरत नाही. चोपणीला जिप्सम, हा उपाय आता सर्वांच्या तोंडी आहे. पण त्याची कुळकथा पाहिली तर तो एकट्या जिप्समचा उपाय कधीच नव्हता. त्याचा अर्धा जन्म प्रयोगशाळेत झाला आणि अर्धा चरात.

नीरा डावा कालवा १८८५च्या सुमारास वाहू लागला आणि या अवर्षणी पट्ट्यात ऊस उभा राहिला. कालव्याचा पाझर आणि पिकाला दिलेलं जादा पाणी यांनी काळ्या जमिनीतली पाणीपातळी वर आणली. पाणी उडालं, क्षार मागे राहिले. १९१० साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांची नीरा खोऱ्यातल्या क्षारजमिनींवरची पुस्तिका निघाली. रसायनाचा धागा त्याहून जुना. माती एक क्षारघटक धरून ठेवते आणि त्याच्या बदल्यात दुसरा सोडते, हे इंग्लंडमध्ये थॉमस वे यांनी १८५०च्या सुमारास दाखवलं होतं; कॅलिफोर्नियात हिलगार्ड यांनी एकोणिसाव्या शतकातच चोपणीसारख्या जमिनींना जिप्सम सुचवला. जिप्सममधलं कॅल्शियम मातीच्या कणांवरचं सोडियम हटवतं आणि सल्फेट त्या सोडियमला घेऊन सोडियम सल्फेट बनतं. काचेच्या ग्लासात चोपण माती पाण्यात ढवळली तर पाणी कितीतरी वेळ गढूळ राहतं. चिमूटभर जिप्सम टाकून पुन्हा ढवळलं की कण एकत्र येऊन तळाशी बसतात.

हिशेबही शाळेतल्या गणितासारखाच आहे. १०० ग्रॅम मातीतलं एक मिलिसममूल्य सोडियम हटवायला ८६ मिलिग्रॅम जिप्सम लागतो. हेक्टरभर जमिनीचा १५ सेंटिमीटरचा थर २२ लाख किलो धरला तर हा आकडा सुमारे १.९ टन होतो. यावर एक रास्त शंका येते: आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी भरपूर असते, मग विकतचं कॅल्शियम कशाला? कारण अशा अल्कधर्मी मातीत चुनखडी जवळजवळ विरघळत नाही, जिप्सम मात्र लिटरला दोन-अडीच ग्रॅम विरघळतो. गंधक टाकल्यास जिवाणू त्याचं आम्ल करतात, ते चुनखडीवर काम करतं आणि जिप्सम जागच्या जागी तयार होतो. दुसरी शंका, नुसतं भरपूर पाणी सोडलं तर? खारवट जमिनीत मोकळे क्षार धुऊन निघतात, पण कणांना चिकटलेलं सोडियम तसंच राहतं. तेवढ्यावर थांबलं तर खारवट जमीन चोपण होऊ शकते.

खरा प्रश्न समीकरणाच्या उजव्या बाजूचा आहे. तयार झालेलं सोडियम सल्फेट तिथंच राहिलं तर पाणी उडताच क्षार पुन्हा वर येतात आणि जिप्समचा खर्च वाया जातो. म्हणून चर हवेत. चर नाल्याला, नाला नीरेला, आणि नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते. निचऱ्याची वाट शेजाऱ्याच्या बांधातून जाते, म्हणजे हे समीकरण एका शेतात सुटतच नाही. जिप्समची पोती मोजण्याआधी गावानं चराची दिशा ठरवावी, हाच या उपायाच्या इतिहासाचा व्यवहारी निष्कर्ष आहे.