बोनसची दिवाळी

दिवाळीच्या खरेदीची सवय जाहिरातवाल्यांनी लावली म्हणतात. मुंबईच्या लालबागमध्ये ती गिरणीच्या बोनसने लावली. आमचं तिथे कापडाचं दुकान. पंचांगापेक्षा गिरणीच्या नोटीस बोर्डावर वडिलांचा डोळा जास्त.

पहिल्या महायुद्धात गिरण्यांनी बक्कळ नफा कमावला, त्यानंतर कामगारांना दरसाल बोनस मिळू लागला. १९२३ साली मालकांनी हात वर केले. १९२४च्या जानेवारीत दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर गेले. १९६५च्या कायद्याने बोनस हक्काचा झाला. पुढे किमान दर ठरला ८.३३ टक्के, म्हणजे साधारण महिन्याचा पगार.

बोनस हातात पडला की दुकानात पाय ठेवायला जागा नसे. आधी जुनी उधारी वळती व्हायची, मग एकाच ताग्यातून तिघा भावांचे शर्ट निघायचे. पोरं वाढत्या अंगाची म्हणून वडील चार बोटं कापड जास्तच सोडत.

१९८१ची बोनसची धुसफूस १९८२च्या संपापर्यंत गेली, गिरण्या बंद पडत गेल्या आणि आमचा गल्ला बसला. फिनिक्स मिलच्या जागेवर आता मॉल आहे. तिथे बोनसची वाट कोण बघतो? कार्ड घासायचं, हप्ते वर्षभर फेडायचे. उधारी तीच, फक्त वही आमच्याकडे नाही.