वर्डस्टार

वैयक्तिक संगणकावरील लेखनासाठीची, उत्पादन थांबलेली शब्दसंस्करण प्रणाली (पहा : शब्दसंस्करण). सीमोर रूबिनस्टाइन यांच्या मायक्रोप्रो इंटरनॅशनल या अमेरिकी कंपनीने ती १९७८ मध्ये सीपी/एमसाठी (पहा : प्रचालन प्रणाली) आणली, आज्ञावली रॉब बार्नबी यांची. डॉस आवृत्ती १९८२ मध्ये निघाली.

कंट्रोल कळीसोबत ई, एक्स, एस, डी दाबले की कर्सर अनुक्रमे वर, खाली, डावीकडे, उजवीकडे सरके. के-बी आणि के-के यांनी मजकुराचा तुकडा आखून ठेवता येई व लिहिता लिहिता, सवडीने, दुसरीकडे हलवता येई. बोटे अक्षरकळांवरून उचलावी लागत नसत; लेखकांच्या जिव्हाळ्याचे मुख्य कारण हेच.

डॉससाठीची अखेरची, सातवी आवृत्ती १९९२ ची. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी कादंबरीलेखनासाठी चौथी आवृत्ती वापरली. कॅनडाचे विज्ञानकथाकार रॉबर्ट सॉयर यांनी २०२४ मध्ये सातवी आवृत्ती माहितीपुस्तिकांसह सर्वांसाठी उपलब्ध केली (पहा : संगणकीय जतन).