वरुणापलीकडील ग्रह व केतकरांचे गणित

वरुण (नेपच्यून) या ग्रहापलीकडे सूर्यकुलात आणखी ग्रह असावेत, अशी अटकळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अनेक ज्योतिर्विदांनी बांधली. त्यांत मराठी ज्योतिर्गणिती व्यंकटेश बापूजी केतकर (१८५४–१९३०) यांचे नाव वेगळे उठून दिसते. १९११ मध्ये फ्रान्सच्या ज्योतिषशास्त्रीय संस्थेच्या पत्रिकेत त्यांनी असे दोन ग्रह सुचविले व त्यांना ब्रह्मा आणि विष्णू अशी नावे दिली. ब्रह्मा या ग्रहाचे सूर्यापासूनचे माध्य अंतर ३८·९५ ज्योतिषशास्त्रीय एकके (सूर्य व पृथ्वी यांमधील माध्य अंतर म्हणजे एक एकक) आणि परिभ्रमणकाल २४२·२८ वर्षे असा त्यांचा अंदाज होता. विष्णूसाठी हेच आकडे ५९·५७३ एकके व ४५९·८ वर्षे असे होते. पुढे १९३० मध्ये सापडलेल्या कुबेराचे (प्लूटोचे) माध्य अंतर ३९·४८ एकके व परिभ्रमणकाल सु. २४८ वर्षे ठरला. या साम्यामुळे केतकरांनी कुबेराचे भाकीत केले होते, असे म्हटले जाते. हे विधान कितपत ग्राह्य मानावे, याचा निर्णय केवळ कक्षेवरून होत नाही. ज्योतीची तेजस्विताही विचारात घ्यावी लागते.

केतकरांचा जन्म नरगुंदचा व अध्यापनाचा काळ बागलकोटचा. पंचांगातील ग्रहस्थिती प्रत्यक्ष आकाशाशी जुळली पाहिजे, हा त्यांच्या कार्याचा गाभा होता. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ग्रहसाधनाची कोष्टके प्रसिद्ध करून याच दिशेने पाऊल टाकले होते. केतकरांनी ज्योतिर्गणितम् (१८९८) या संस्कृत ग्रंथात पाश्चात्त्य वेधांवर आधारलेले गणित भारतीय परंपरेच्या साच्यात बसविले. ब्रह्मा व विष्णू यांचे अनुमान मात्र वेधांवर आधारलेले नव्हते. गुरूचे आयो, यूरोपा व गॅनिमीड हे उपग्रह ठराविक गतिसंबंधाने एकमेकांशी निगडित असल्याचे लाप्लास यांनी दाखविले होते. तसाच संबंध प्रजापती (यूरेनस), वरुण व त्यांपलीकडील ग्रह यांमध्ये असावा, असे केतकरांनी मानले. प्रजापती व वरुण यांचे परिभ्रमणकाल सु. ८४ व १६५ वर्षे, म्हणजे जवळजवळ १ : २ या प्रमाणात आहेत हे खरे, परंतु गुरूच्या उपग्रहांसारखे पक्के बंधन त्यांच्यात नाही.

वरुणाच्या शोधाशी तुलना केल्यास या अनुमानाची मर्यादा स्पष्ट होते. प्रजापतीच्या गतीतील विचलनांवरून लव्हेर्ये यांनी १८४६ मध्ये वरुणाचे आकाशातील स्थान काढले आणि बर्लिन येथे गाले यांना तो त्या स्थानापासून एका अंशाच्या आत आढळला. लव्हेर्ये यांनी धरलेले माध्य अंतर (सु. ३६ एकके) मात्र वास्तविक ३०·०७ पेक्षा बरेच अधिक होते. म्हणजे अंतर चुकले, पण स्थान बरोबर आले व ग्रह सापडला. केतकरांचे नेमके उलट झाले. त्यांनी अंतर व परिभ्रमणकाल दिले; दुर्बीण कोणीकडे रोखावी, हे त्यांवरून कळत नव्हते. शिवाय टिटियस-बोडे नियमानेही वरुणाच्या जागी ३८·८ हा आकडा येतो, आणि तो वरुणाला मुळीच लागू न पडता कुबेराच्या अंतराशी जुळतो. पण त्यामुळे बोडे यांना कुबेराच्या शोधाचे श्रेय कोणी देत नाही.

कुबेराचा शोध अमेरिकेतील फ्लॅगस्टाफच्या लोएल वेधशाळेत क्लाइड टॉम्बॉ यांनी लावला. पृथ्वीच्या सु. सातपट वस्तुमानाचा ग्रह तेथे शोधला जात होता व त्याची तेजस्विता १२ ते १३ प्रतीची असेल, असा पर्सिव्हल लोएल यांचा अंदाज होता. सापडलेली ज्योती १५ व्या प्रतीची निघाली. प्रतीचा आकडा जितका मोठा तितकी ज्योती अंधुक, व पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभरपट फरक. सूर्यप्रकाश ग्रहापर्यंत जाताना व तेथून परत येताना अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात क्षीण होतो. म्हणून दूरच्या ग्रहाची तेजस्विता जवळजवळ अंतराच्या चतुर्थ घाताने घटते. ७·८ प्रतीचा वरुण कुबेराच्या माध्य अंतरावर नेला, तर तो नवव्या प्रतीचा दिसेल. कुबेर त्याहूनही सहा प्रतींनी, म्हणजे अडीचशेपटींहून अधिक अंधुक आहे. दोघांचे पृष्ठभाग सारखाच प्रकाश परावर्तित करतात असे मानल्यास कुबेराचा व्यास सु. ३,००० किमी. येतो. तो प्रत्यक्षात अधिक उजळ असल्याने व्यास याहूनही लहान, २,३७७ किमी. आहे. १९७८ मध्ये शॅरन हा उपग्रह सापडल्यावर कुबेराचे वस्तुमान काढता आले. ते पृथ्वीच्या चारशेव्या हिश्श्याहूनही कमी भरले. इतक्या लहान ज्योतीमुळे प्रजापतीच्या गतीत विचलन होणे शक्य नव्हते. १९८९ मध्ये व्हॉयेजर-२ या यानाने वरुणाचे वस्तुमान अचूक ठरविल्यावर ती उरलेली विचलनेही नाहीशी झाली. लोएल यांचे गणितही, थोडक्यात, योगायोगानेच फळले.

केतकरांच्या कल्पनेचा एक भाग मात्र वेगळ्या रूपाने खरा ठरला. वरुणाच्या तीन प्रदक्षिणा होतात तेवढ्या काळात कुबेराच्या दोन होतात, हे अनुस्पंदन १९६५ मध्ये संगणकीय गणिताने सिद्ध झाले. कुबेराची कक्षा क्रांतिवृत्ताशी सु. १७° कललेली व बरीच लांबट असून १९७९ ते १९९९ या काळात तो वरुणापेक्षाही सूर्याच्या जवळ होता; तरीही या अनुस्पंदनामुळे दोघे कधी एकमेकांच्या निकट येत नाहीत. बाह्य ग्रहांच्या गती पूर्णांकांच्या प्रमाणात बांधलेल्या असाव्यात, ही केतकरांची दृष्टी म्हणून निराधार नव्हती. त्यांनी धरलेला विशिष्ट संबंध तेवढा चुकीचा होता. कुबेराच्या शोधाचे वृत्त मार्च १९३० मध्ये प्रसिद्ध झाले. केतकर त्याच वर्षी निवर्तले.

विष्णू या ग्रहाशी जुळणारी ज्योती अद्याप मिळालेली नाही. २००५ मध्ये जाहीर झालेल्या एरिसचे माध्य अंतर सु. ६८ एकके व परिभ्रमणकाल साडेपाचशे वर्षांहून अधिक आहे. व्यासाने ती जवळजवळ कुबेराएवढी असून शोधाच्या वेळी सु. ९७ एककांवर असल्याने तिची प्रत १९ च्या आसपास होती. तिच्या शोधानंतरच, २००६ मध्ये, कुबेराची गणना बटुग्रहांत करण्यात आली.