आधी किल्ला, मग तळघर

‘डंजन’ म्हटलं की आज डोळ्यांसमोर तळघर येतं. ओलसर भिंती, गंजलेले साखळदंड, मशालीच्या उजेडात हलणाऱ्या सावल्या. हा शब्द जन्मला मात्र उंचावर. जुन्या फ्रेंचमध्ये ‘दाँजाँ’ म्हणजे किल्ल्याच्या मधला सर्वांत भक्कम बुरूज. त्याचं मूळ शोधत गेलं की लॅटिनमधला ‘डॉमिनस’ सापडतो. डॉमिनस म्हणजे धनी. इंग्रजीत हळूहळू हे नाव बुरुजाच्या पोटातल्या अंधारकोठडीला चिकटलं आणि बुरूज विसरला गेला. ‘डोमिनियन’, म्हणजे धन्याच्या हुकमतीतला मुलूख, हा शब्दही त्याच डॉमिनसच्या घरातला. तळघर आणि मुलूख, दोघं एकाच कुळातले.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाची कुळकथाही अशीच आहे, आणि तीही तशीच विसरली गेली आहे.

हा खेळ टेबलाभोवती बसून, बोलून खेळायचा. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो: योद्धा, धर्मगुरू, जादूगार, चोर. एकजण डंजन मास्टर होतो. तो समोरचं जग सांगतो, खेळाडू आपण काय करतो ते सांगतात, आणि जिथे शंका असेल तिथे फासे निकाल देतात. या खेळात एक जुना नियम आहे. पात्र पुरेसं मोठं झालं की त्यानं गढी बांधावी, शिबंदी ठेवावी, आसपासचा मुलूख सांभाळावा. हा नियम खेळात असावा की नसावा, यावर खेळणाऱ्यांत आजही वाद होतो. विरोधकांचं म्हणणं सरळ आहे: आम्ही साहस करायला बसलो, जमाखर्च लिहायला नाही. गढीचा नियम त्यांना मागाहून जोडलेली माडी वाटते. इतिहास पाहिला तर माडी आधीची आहे आणि तळघर नंतर खणलेलं.

गोष्ट सुरू होते अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात. मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांत नेपोलियनच्या काळातल्या लढाया टेबलावर मांडून खेळणारा एक गट होता. त्यातल्या डेव्हिड वेस्लीनं 1969 च्या सुमारास ‘ब्राउनस्टाइन’ नावाचा डाव मांडला. त्यात खेळाडूंना सैन्याऐवजी एका काल्पनिक गावातली माणसं मिळाली, प्रत्येकाला एक आणि त्याचा त्याचा हेतू. त्याच गटातल्या डेव्ह आर्नेसननं ही कल्पना उचलली आणि 1971 मध्ये ‘ब्लॅकमूर’ सुरू केलं.

ब्लॅकमूर म्हणजे उत्तरेकडचा एक परगणा आणि त्यातला एक किल्ला. तो आकाशातून पडला नव्हता. ‘कासल अँड क्रुसेड सोसायटी’ नावाच्या मंडळात मध्ययुगीन युद्धखेळांचे शौकीन एकत्र आले होते, आणि गॅरी गायगॅक्स त्यातले एक प्रमुख होते. मंडळानं ‘ग्रेट किंग्डम’ नावाचं एक काल्पनिक राज्य नकाशावर आखून सभासदांत वाटायला घेतलं. आर्नेसनच्या वाट्याचा तुकडा म्हणजे ब्लॅकमूर. म्हणजे सुरुवातच मुलूखवाटणीनं झाली. किल्ल्याखालची भुयारं आर्नेसननं नंतर काढली, आणि खेळाडूंना त्यांनी अशी काही भुरळ घातली की ते वर यायलाच तयार होईनात.

पुढे जे झालं ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत बोलकं वाटतं. खेळाडू खाली खजिना शोधत राहिले, वर किल्ल्याचा बंदोबस्त ढिला पडला, आणि शत्रूनं ब्लॅकमूर घेतलं. आर्नेसननं ती चूक पोटात घातली नाही. पात्रांना हद्दपार करून दूरच्या लेक ग्लूमीला पाठवलं. भुयारातल्या साहसाला वरच्या जगात किंमत मोजावी लागते, हे त्या टेबलावर खेळ छापून येण्याआधीच ठरलं होतं.

जानेवारी 1974 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा गावातून गायगॅक्स आणि आर्नेसन यांच्या नावानं तीन पातळ पुस्तिका निघाल्या. पहिली आवृत्ती हजार प्रतींची. उपशीर्षकात खेळाची ओळख होती: कागद, पेन्सिल आणि छोट्या प्रतिमा घेऊन खेळायच्या अद्‌भुत मध्ययुगीन युद्धमोहिमांचे नियम. तिसऱ्या पुस्तिकेत भुयारं आणि रानवाटा यांच्या बरोबरीनं किल्ला बांधायचे दर होते.

तो हिशोब जरा जवळून पाहू. योद्धा नवव्या लेव्हलला, म्हणजे अनुभवाच्या नवव्या पायरीवर, ‘लॉर्ड’ होतो. त्यानं जागा निवडायची, भोवतालचा 20 मैलांचा टापू राक्षस-श्वापदांपासून मोकळा करायचा आणि किल्ला उभारायचा. त्या टापूत 2 ते 8 गावं, प्रत्येक गावात 100 ते 400 माणसं. माणशी वर्षाला 10 सोन्याची नाणी सारा. चार गावं आणि गावात अडीचशे वस्ती धरली, तर हजार माणसांमागे वर्षाला दहा हजार नाणी. धर्मगुरूला तर देवाचंच पाठबळ: एक लाख नाणी खर्चून तो दोन लाखांचा कोट उभारू शकतो, आणि श्रद्धाळू सैनिक बिनपगारी येऊन मिळतात. उत्पन्न वाढवायचं तर रस्ते, सराया, जहाजं यांत पैसा घालायचा.

हा नियम आला कुठून, याचं उत्तर खेळाच्या अर्थकारणात आहे. त्या काळी भुयारातून सुखरूप आणलेलं एक नाणं म्हणजे एक अनुभवगुण. लॉर्ड व्हायला योद्ध्याला 2,40,000 गुण लागत, आणि त्यांतले बरेचसे सोन्यातूनच येत. उलट उत्तम पोलादी चिलखताची किंमत 50 नाणी, तलवारीची 10. म्हणजे नवव्या लेव्हलला पोचलेल्या पात्राकडे लाखोंची माया जमलेली आणि बाजारात घेण्यासारखं काहीच उरलेलं नाही. तो पैसा जिरायची जागा म्हणजे किल्ला. शिडी नीट बांधलेली होती: भुयारातून सोनं, सोन्यातून गढी, गढीतून जबाबदारी.

शिबंदीचा नियम त्याहून आधीच्या पानावर आहे, पात्र तयार करतानाच. ‘करिष्मा’ हा गुण फाशांनी ठरतो आणि तुमच्या पदरी किती खास माणसं राहतील ते सांगतो. तीन-चार आले तर एकच माणूस, अठरा आले तर बारा. शेजारच्या रकान्यात त्यांच्या निष्ठेचा आकडा. माणसं ठेवता येतात आणि माणसं सोडूनही जातात, हे पहिल्या पुस्तिकेनंच लिहून ठेवलं.

पुढच्या दहा वर्षांत नियम भरत गेला. 1978 च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये चोराला दहाव्या लेव्हलला आपला अड्डा आणि टोळी मिळाली. 1984 मध्ये फ्रँक मेंट्झर यांनी ‘कम्पॅनियन सेट’मध्ये मुलूख चालवण्याची पूर्ण पद्धत दिली. तिचं नावच डोमिनियन. त्यात रयतेच्या विश्वासाला आकडा होता: कर जास्त लादले, संकटात हात वर केले, तर तो घसरतो आणि बंडाळी माजते. दाँजाँचं भावंड त्या पुस्तकात घरी परतलं.

मग ओहोटी. 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीनं सोन्यातून मिळणारा अनुभव ऐच्छिक केला. 2000 च्या तिसऱ्या आवृत्तीत जादूच्या वस्तूंना दरपत्रक आलं, आणि पात्राचा पैसा तलवारीची धार वाढवण्यात जाऊ लागला. शिबंदी ‘लीडरशिप’ नावाच्या एका कौशल्यात आक्रसली. तरी बीज टिकलं: आपल्यामुळे माणसं मेली किंवा आपण क्रूर वागलो, तर नेतृत्वाचा आकडा खाली येई. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत किल्ला म्हणजे एका तक्त्यातली ओळ: छोटा किल्ला, 50,000 नाणी, 400 दिवस. बांधल्यावर त्याचं काय करायचं, याबद्दल जवळपास मौन.

ते मौन खेळाडूंना पुरलं नाही. 2018 मध्ये मॅट कोलव्हिल यांनी नेमक्या याच विषयावरच्या ‘स्ट्राँगहोल्ड्स अँड फॉलोअर्स’ या पुस्तकासाठी किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले, तेव्हा 20 लाख डॉलरहून अधिक जमले. 2024 च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये ‘बॅस्टियन’ या नावानं गढी अधिकृतपणे परत आली. आता ती पाचव्या लेव्हललाच मिळते आणि दर सात दिवसांनी तिला हुकूम देता येतो.

विरोधकांचे दोन आक्षेप मला खरे वाटतात. पहिला, हिशोबाचं ओझं. चार मित्र आठवड्यातून एक संध्याकाळ काढतात. ती साऱ्याच्या वहीत गेली तर डाव मरतो. दुसरा आक्षेप जास्त खोल आहे: एक पात्र लॉर्ड झालं तर बाकीच्या तिघांनी काय करायचं? या अडचणी नियम कसा वापरावा याच्या आहेत. वर्षाचा हिशोब एका ओळीत करता येतो, आणि एका गढीत सगळ्यांना कामं वाटून देता येतात: कुणी किल्लेदार, कुणी कोठार सांभाळणारा, कुणी हेर.

म्हणून माझा कौल स्पष्ट आहे. गढी आणि शिबंदीचे नियम या खेळात असलेच पाहिजेत, कारण पात्राच्या मोठेपणाला अर्थ त्यांच्यामुळे येतो. हाणामारीचे आकडे वाढले म्हणजे पात्र बलवान होतं. पण कुणाचा तरी जीव आपल्या शब्दावर टांगलेला असतो तेव्हाच ते मोठं होतं. याच कसोटीवर मी नियम तोलतो. जो गढीचा नियम फक्त पात्राला चार वाढीव ताकदी देतो, तो मला निरुपयोगी वाटतो. ते काम जादूची अंगठीही करते. ज्यात माणसं निघून जाऊ शकतात, रयत रुसू शकते आणि गड पडू शकतो, तो नियम राखावा.

तुमच्या टेबलावर हे सगळं उद्याच आणायला जाडजूड पुस्तक लागत नाही. नकाशावर एक पडका बुरूज दाखवा. पात्रांनी तो डागडुजी करून घेतला की दारावर उभ्या राहणाऱ्या पहारेकऱ्याला नाव द्या, त्याचं गाव सांगा, घरी कोण आहे ते सांगा. मग पात्रांना पुन्हा भुयारात जाऊ द्या, आणि परत आल्यावर त्यांनी आधी खजिना मोजला की त्या पहारेकऱ्याची चौकशी केली, ते पाहा.