वरच्या दुधाचं माप

बचत गटाच्या बैठकीत हप्ते लिहून झाले की गप्पा बाळांवर येतात, आणि एक प्रश्न हमखास निघतो : "बाळाला वरचं दूध लावलंय, किती पाजायचं?" प्रश्न जुना आहे आणि त्याच्या इतिहासातला बराच भाग आपल्या शेजारच्या मुंबईत घडला.

पूर्वी आईला दूध नसलं तर दुसरी लेकुरवाळी बाई बाळाला अंगावर घ्यायची. नाहीतर गाईचं दूध पाणी घालून उकळायचं आणि बोंडल्यानं पाजायचं. बोंडलं म्हणजे चोच असलेलं छोटं भांडं, ऐपतीच्या घरात चांदीचं. माप असं नव्हतंच. बाळानं तोंड फिरवलं की झालं. गाईचं दूध तान्ह्याला जड, म्हणून पाणी घालायची रीत पडली. ही रीत लक्षात ठेवा, पुढे तीच महागात पडली.

1924 साली मुंबईत एच. जे. फॉस्टर नावाची कंपनी निघाली, ग्लॅक्सो ही दुधाची पावडर विकायला. पावडर मूळची न्यूझीलंडची. जाहिरातीत गुटगुटीत बाळं. गोबऱ्या गालांच्या बाळाला आपल्याकडे अजून 'ग्लॅक्सो बेबी' म्हणतात ते त्यावरून.

डब्यांच्या जमान्यात मापही आलं : वजनाच्या दर पौंडामागे दिवसाला अडीच औंस. न्यूझीलंडचेच डॉक्टर ट्रुबी किंग यांनी त्याला घड्याळ जोडलं. दर चार तासांनी पाजा, मध्ये रडलं तरी नाही. ते स्वतः आईच्या दुधाचे कट्टर पुरस्कर्ते, पण त्यांचं वेळापत्रक बाटलीच्या बाळांनाही लागलं. आज डॉक्टर घड्याळ नको, भूक बघा म्हणतात. बोंडल्यानं पाजणाऱ्या आजीला हे कुणी शिकवलं नव्हतं!

औंसाचा हिशेब मात्र टिकला. आजच्या मापात तो किलोमागे दिवसाला साधारण 150 मिली. अगदी पहिल्या दिवसांत एवढंही लागत नाही. नंतर 3 किलोच्या बाळाला दिवसभरात 450 मिली, आठ वेळांत वाटलं तर दर वेळी पन्नास-साठ. 5 किलोच्या बाळाला 750, सहा वेळांत सव्वाशे. वजन आणखी वाढलं तरी दिवसाचं दूध लिटरच्या आतच राहतं, आणि सहा महिने झाले की पेज, वरण, मऊ भात सुरू होतो. बाळ कमी दिवसांचं किंवा आजारी असेल तर हे आकडे बाजूला ठेवून डॉक्टरांनाच विचारायचं.

आता गटाच्या वहीसारखा हिशेब मांडू. बहुतेक डब्यांवर 30 मिली पाण्याला एक सपाट चमचा लिहिलेलं असतं. 750 मिलीला पंचवीस चमचे. एका चमच्यात साडेचार ग्रॅमच्या आसपास पावडर, म्हणजे दिवसाला एकशे दहा ग्रॅम. 400 ग्रॅमचा डबा चार दिवससुद्धा पुरत नाही. महिन्याला आठ डबे! आमच्या गटातली एक ताई डबा दहा दिवस पुरवत होती. बाटली भरलेली दिसायची, पण दूध पांढरं पाणी. बाळाचं वजन वाढेना. तिला दोष कसा देणार? घरकामाच्या पगारात आठ डबे बसत नाहीत, आणि दुधात पाणी घालणं हे तर आजीपासून चालत आलेलं. पण गाईच्या दुधाला जे चालायचं, ते मापून बनवलेल्या पावडरला चालत नाही.

हे जगभर झालं. 1939 साली सिंगापूरला डॉ. सिसिली विल्यम्स यांनी भाषणात सरळ म्हटलं, तान्ह्यांना अयोग्य दूध पाजायला लावणाऱ्या जाहिरातींनी होणारे मृत्यू ही हत्याच. 1970 नंतर गरीब देशांतल्या बाळांची अवस्था पुढे आली, बहिष्कार झाले, आणि 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं अशा विक्रीसाठी नियम केले. आपला कायदा 1992 चा. म्हणून आज डब्यावर बाळाचा फोटो नसतो, जाहिरात लागत नाही आणि आईचं दूध सर्वोत्तम असं छापावंच लागतं. डब्यावरचा हा मजकूर दुकानातच वाचून घ्या, तो फुकट मिळालेला नाही.

याच काळात मुंबईत दुसरी वाटही निघाली. 1989 साली सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्ध पेढी सुरू केली, आशियातली पहिली. एका आईचं जास्तीचं दूध तपासून, तापवून दुसरीच्या नाजूक बाळाला मिळतं. अंगावर घेणाऱ्या शेजारणीचंच काम, हॉस्पिटलच्या शिस्तीत. आणि अशा बाळांना पाजायला देशातल्या बऱ्याच दवाखान्यांत बाटली नाही, चोचीचं छोटं भांडंच वापरतात.

ज्यांना डबा लागतोच, त्यांनी आधी उकळून कोमट केलेलं पाणी मोजायचं, मग पावडर. उरलेलं दूध पुढच्या वेळेला ठेवायचं नाही. बाळ दिवसातून सहा-सात वेळा लंगोट ओला करतंय ना, ते बघायचं. अंगणवाडीत वजनाचा दिवस चुकवायचा नाही. वजन अडलं तर आशाताईंना डबा किती दिवस पुरतोय तेही सांगा.