संप्रेरके स्रवणाऱ्या पेशी: गाठीपासून चाचणीपर्यंत

संप्रेरके तयार करणाऱ्या पेशी शरीराबाहेर टिकवणे दीर्घकाळ जमत नव्हते. ग्रंथीचा तुकडा पोषक द्रवात ठेवला की भोवतालच्या तंतुपेशीच भराभर माजत आणि संप्रेरकाचा स्राव आटून जाई. १९६२ मध्ये अमेरिकेत ब्युओनासिसी, सातो आणि कोहेन यांनी यावर तोड काढली. अ‍ॅड्रीनल आणि पियूषिका ग्रंथींच्या गाठींतील पेशी त्यांनी आलटून-पालटून काचपात्रात आणि प्राण्याच्या अंगात वाढवल्या. दर फेरीला तंतुपेशी मागे पडल्या, स्रवणाऱ्या पेशी उरल्या. १९६८ मध्ये पॅटिलो आणि गे यांनी वारेच्या कर्करोगापासून ‘बीवो’ हा मानवी पेशीवंश मिळवला. थोडक्यात, ही विद्या उभी राहिली ती रोगट गाठींच्या बळावर.

हे सारे संप्रेरके समजून घेण्यासाठी चालले होते. विषपरीक्षा कोणाच्या मनात नव्हती. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातील लॅथ्रोपच्या कारखान्यात डायब्रोमोक्लोरोप्रोपेन हे सूत्रकृमिनाशक हाताळणाऱ्या कामगारांत वंध्यत्व आढळले आणि रसायनांच्या प्रजननावरील परिणामांकडे लक्ष वेधले गेले. १९९६ च्या कायद्याने तर अमेरिकेत रसायने संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात का, हे तपासण्याची व्यवस्था उभारणे बंधनकारकच झाले.

त्यासाठी निवडलेल्या पेशी वृषणाच्या नाहीत, बीजकोशाच्याही नाहीत. गझदार यांच्या गटाने १९९० मध्ये अ‍ॅड्रीनलच्या कर्करोगापासून मिळवलेला पेशीवंश जाहीर केला. त्याचाच उपवंश म्हणजे ‘एच२९५आर’. कोलेस्टेरॉलपासून टेस्टोस्टेरॉन आणि पुढे इस्ट्राडायोल बनवणारी सगळी विकरे या एकाच पेशीत सापडतात, हा तिचा गुण. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने (ओईसीडी) २०११ मध्ये तिच्यावर आधारित ४५६ क्रमांकाची प्रमाणित चाचणी स्वीकारली.

चोवीस खळग्यांच्या तबकात पेशी चिकटल्या की त्यांना ४८ तास रसायनात ठेवतात, मग द्रवातील दोन्ही संप्रेरके मोजतात. पेशी मेल्या तरी स्राव घटतोच, म्हणून त्या जिवंत आहेत का हेही पाहावे लागते. तुलनेसाठी स्राव घटवणारे प्रोक्लोराझ हे बुरशीनाशक आणि स्राव वाढवणारे फोर्स्कोलिन वापरतात. गुजरातेत ‘गरमर’ म्हणून ज्याच्या मुळांचे लोणचे घालतात, त्या कोलियसमधील हे द्रव्य मुंबईतल्या हेक्स्टच्या संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात वेगळे काढले गेले.

चाचणीचा आवाका मात्र मर्यादित आहे. मेंदूकडून ग्रंथींना येणारे आदेश तिच्यात नाहीत. यकृतात रसायनाचे जे रूपांतर होते, तेही तिथे फारसे घडत नाही. लॅथ्रोपमधले रसायन शुक्राणू घडवणाऱ्या पेशींनाच मारते. तसल्या विषाचा माग काढण्यासाठी ही चाचणी बनवलेलीच नाही.