देवळालीच्या हर्षद संख्या

दोन संख्यांचा गुणाकार करणें हें पाढ्यांचें काम आहे. परंतु केवळ गुणाकार हातीं देऊन तो कोणत्या संख्यांचा असें विचारलें, म्हणजे विद्वानासहि थांबावें लागतें. 83 व 97 यांचा गुणाकार शाळकरी मुलगा सहज करील. तोच 8051 चे अवयव पाडावयाचे झाल्यास 2, 3, 5, 7 अशा मूळ संख्यांनीं ओळीनें भागीत गेल्यावर तेविसाव्या खेपेस 83 हातीं लागतो. सतराव्या शतकांत फ्रेंच गणिती फेर्मा यानें एक जवळची वाट दाखविली : 8051 म्हणजे 90 च्या वर्गांतून 7 चा वर्ग वजा, अर्थात् अवयव 90 उणे 7 व 90 अधिक 7. मात्र अवयव परस्परांजवळ असतील तरच ही वाट सुखाची. प्रचंड संख्यांच्या बाबतींत तर ही अडचण इतकी दुस्तर आहे, कीं 1977 सालीं निघालेली आर. एस. ए. ही गुप्तलेखनपद्धति तिच्याच भरंवशावर उभी आहे.

नाशिकजवळ देवळाली येथें अवयवांकडे निराळ्याच दृष्टीनें पाहणारे एक शिक्षक होऊन गेले. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म 1905 सालीं डहाणूस झाला. फर्ग्युसन कॉलेजांत असतांना 1927 सालीं त्यांनीं रँग्लर परांजपे यांच्या नांवाचें गणिताचें पारितोषिक मिळविलें; 1929 त ते पदवीधर झाले व 1930 पासून 1962 पर्यंत देवळालीस शाळेंत शिकवीत राहिले. पदवीपुढील शिक्षण त्यांस लाभलें नाहीं.

आपल्या अंकांच्या बेरजेनें निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्यांस त्यांनीं 'हर्षद', म्हणजे आनंद देणाऱ्या, असें नांव दिलें. 84 घ्या : 8 अधिक 4 म्हणजे 12, आणि 12 गुणिले 7 म्हणजे 84. येथें अवयव धुंडाळीत हिंडावयास नको. संख्या तो आपल्या अंगावरच वागविते. रामानुजन् यांच्यामुळें प्रसिद्धीस आलेली 1729 ही संख्या पाहावी. अंकांची बेरीज 19. आणि 1729 म्हणजे 19 गुणिले 91. एक अवयव उलटा वाचला कीं दुसरा मिळतो!

ह्यावर आक्षेप असा कीं, हा गुण संख्येचा नसून तिच्या दशमान लेखनाचा आहे. लेखनपद्धति बदलली कीं तो नाहींसा होईल. आक्षेप खरा आहे. तथापि खेळ म्हणून हिणविलेल्या ह्या विषयांतूनच पुढें सिद्धांत निघाला : कूपर व केनेडी यांनीं 1993 सालीं सिद्ध केलें कीं, लागोपाठ वीस हर्षद संख्या असूं शकतात, एकवीस कधींहि नाहींत.

पाश्चात्त्य ग्रंथांत ह्यांसच 'निव्हेन संख्या' म्हणतात. तें नांव आयव्हन निव्हेन यांच्या 1977 च्या एका व्याख्यानावरून पडलें. कापरेकरांनीं हा विषय 1955 सालींच मांडला होता. म्हणून निदान मराठी पाठ्यपुस्तकांत तरी मूळचें नांवच चालावें, असें आम्हांस वाटतें. तें केवळ अभिमानासाठीं नव्हे. मोठ्या पदव्या व ग्रंथालयें जवळ नसतांहि वर्गांतल्या फळ्यापाशीं नवें कांहीं सुचूं शकतें, ही गोष्ट त्या नांवानें मुलांच्या ध्यानीं राहील.

त्यांच्या जन्मवर्षापासूनच आरंभ करतां येईल. 1905 मधील अंकांची बेरीज 15, आणि 1905 म्हणजे 15 गुणिले 127. त्यांनीं शाळा सोडली तें 1962 हें वर्षहि हर्षदच. त्याचा ताळा वाचकांनीं घरांतील मुलांकडून करवून घ्यावा.